चक्रम कोणाला म्हणता?

दिवाळी अंक म्हटला की त्यात एक विनोदी कथा हवीच, आणि विनोदी कथा म्हटली की तिच्यात एक विक्षिप्त गृहस्थ हवाच, असा आपल्याकडे जणू दंडकच पडून गेला आहे. हे गृहस्थ कधी काका असतात, कधी मास्तर, कधी पोस्टातले कारकून. त्यांना चहा बरोबर सव्वासातला लागतो. सात वाजून वीस मिनिटांनी आला तर ते त्याला शिवत नाहीत. चपला नेमक्या एकाच फरशीवर काढतात. गाड्यांचे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ असते, मात्र ऐकणारा जांभया देतो आहे हे त्यांच्या गावीही नसते. भाचीला पाहायला आलेल्या मुलाला ते सर्वांदेखत विचारतात, 'तुम्ही पगार सांगितलात त्यात जादा कामाचे पैसे धरलेत का?' मग एकच गोंधळ उडतो, काकू कपाळाला हात लावतात, कथा संपते आणि फराळाच्या ताटावर आपण सारे पोट धरून हसतो.

हसण्याला माझी हरकत नाही. सणासुदीला माणसाने हसावे. मला एवढेच विचारायचे आहे की, कथा संपल्यावर त्या काकांचे काय होते? पाहुणे गेल्यावर आतल्या खोलीत दार लोटून ते काय करतात? त्यांना लेखकाने बाहेरून पाहिले, काकूंनी बाहेरून पाहिले, वाचकाने बाहेरून पाहिले. आत कोणी डोकावले?

गेल्या काही वर्षांत मात्र एक नवीनच प्रकार घडू लागला आहे. ते काका स्वतःच बोलू लागले आहेत. तिशी, चाळिशी, पन्नाशी गाठलेली, नोकरी करणारी, संसार करणारी माणसे स्वतःला विचारू लागली आहेत : मी स्वमग्न तर नसेन? आणि हा प्रश्न त्यांच्या तोंडून पुरता बाहेर पडतो न पडतो तोच चहूबाजूंनी जो भडिमार सुरू होतो, तो ऐकण्यासारखा असतो. 'निघाले आणखी एक नवे खूळ!' 'शहरातल्या लोकांना उद्योग नाहीत.' 'तसे पाहिले तर आपण सगळेच थोडेथोडे तसे.' 'तो लहान मुलांचा आजार, तू घोडा झालास, तुला कुठून होणार?' आणि सर्वांच्या शेवटी, मोठ्या शहाणपणाचा आव आणून : 'असेलही बाबा, पण आता या वयात कळून उपयोग काय?'

या सर्व मंडळींशी मला आज भांडायचे आहे.

शहरी चोचल्यांचा आरोप करणाऱ्यांनी आधी एवढे ध्यानात घ्यावे की मी हे खापरहून लिहितो आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर, गुजरातच्या सीमेला टेकलेले हे गाव. भिली, अहिराणी, गुजराती आणि मराठी या चारही भाषा आमच्या आठवडे बाजारात एकाच तराजूत तोलल्या जातात. मी येथे मास्तर. शिक्षण मॅट्रिक, दहावीला आमच्याकडे जुनी माणसे अजून मॅट्रिकच म्हणतात. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा मुंबई-पुण्याच्या हवेचा वारा मला लागला, असे म्हणणाऱ्याने वाऱ्याची दिशा पुन्हा एकदा पाहून घ्यावी.

प्रथम त्या शब्दाचेच पाहू. 'स्वमग्नता' हा शब्द ज्या कोणी घडवला त्याचा हेतू चांगलाच असणार. पण शब्द फसवा आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक तर ध्यानस्थ योगी उभा राहतो, नाही तर स्वतःपलीकडे काही न पाहणारा आपमतलबी माणूस. मूळ 'ऑटिझम' हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी 'स्व' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून बनवला, आणि तोही एका निराळ्याच आजाराचे लक्षण सांगण्यासाठी. तेव्हापासून हे 'स्व'चे लचांड जे मागे लागले ते आजतागायत. प्रत्यक्षात ज्यांना हा शब्द लावतात त्यांतले कित्येकजण स्वतःत मग्न नसून बाहेरच्या जगाने भंडावलेले असतात. पंख्याची घरघर, चौघांचे एकदम बोलणे, फोडणीचा ठसका, सदऱ्याच्या कॉलरची टोचणारी शिवण. तुमचे मन या गोष्टी न सांगता चाळून टाकते. त्यांच्या मनात त्या साऱ्या एकदम आणि सारख्याच जोराने शिरतात. अशा माणसाने कानांवर हात ठेवले तर तुम्ही त्याला माणूसघाणा म्हणता!

तीच गोष्ट बोलण्याची. सरळ शब्द त्यांना कळतात, शब्दांमागचे सुचवणे निसटते. आपल्या मराठी घरांत 'बघू या' म्हणजे 'नाही' आणि 'आता निघतो' म्हणजे 'आणखी अर्धा तास बसतो', हे पोराला आठव्या वर्षी कोणी न शिकवता उमगते. या माणसाला ते अठ्ठाविसाव्या वर्षी, चारचौघांत फजिती झाल्यावर कळते. आणि मग तो ते व्याकरणाच्या नियमासारखे पाठ करून ठेवतो. ठरल्या क्रमात बदल झाला की त्याचा पाय घसरल्यासारखा होतो. एखाद्या विषयात बुडाला की तहानभूक विसरतो. यातले एखादे लक्षण तुमच्याआमच्यातही सापडेल. पण हे सारे एकत्र, बालपणापासून, आणि जगणे अवघड करील इतक्या प्रमाणात असणे, ही निराळी गोष्ट. प्रत्येकाला जिना चढताना कधीतरी धाप लागते. म्हणून जगात दमा नाहीच, असे कोणी म्हणत नाही. 'आपण सगळेच थोडेथोडे तसे' म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे.

आता 'लहान मुलांचा आजार' म्हणणाऱ्यांकडे वळतो. अहो, लहान मुले मोठी होतात! हे मास्तरने सांगायला हवे का? स्वमग्नता म्हणजे काही पावसाळी ताप नव्हे, की चाळिशीत चढावा. मेंदूची घडणच जन्मापासून तशी असते आणि ती जन्मभर तशीच राहते. चाळिशीत येतो तो फक्त प्रश्न. तो इतक्या उशिरा का येतो, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी १९२५ साली अशा सहा मुलांचे बारकाईने वर्णन केले. जगाने ते वाचले नाही. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर याने ११ मुलांवरचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर याने बोलकी, हुशार, पण माणसांत न मिसळणारी मुले वर्णिली. (या आस्पेर्गरचे नाव आज पुष्कळजण घेईनासे झाले आहेत, आणि ते योग्यच. नाझी राजवटीत अपंग मुलांना जेथे ठार करीत, त्या संस्थेकडे मुले धाडण्यात त्याचाही हात होता, हे २०१८ साली संशोधकांनी कागदपत्रांनिशी पुढे आणले.) त्याचा जर्मन लेख इंग्रजी वाचणाऱ्यांपुढे खऱ्या अर्थाने आणला तो इंग्लंडच्या लॉर्ना विंग यांनी, १९८१ साली. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्याच, शिवाय स्वमग्न मुलीच्या आई होत्या. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात या विषयाला स्वतंत्र जागा मिळाली १९८० साली, तीही 'बालवयातली' असे विशेषण लावून. न बोलणाऱ्या मुलापासून बोलक्या प्राध्यापकापर्यंत सर्वांना एकाच विस्तृत पटात बसवणारी व्याख्या यायला २०१३ साल उजाडले.

आपल्याकडचे पाहा. अपंगांसाठी १९९५ साली कायदा झाला. त्यात सात प्रकार मोजले होते, स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात ती आली. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ रकाने होते. त्यांतही तिला स्वतःचा रकाना नव्हता. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मानले, तेव्हा कुठे तिला इतरांच्या बरोबरीने जागा मिळाली.

आता साधा हिशेब करा. १९८० च्या आसपास आमच्या भागात जन्मलेला मुलगा १९९६ च्या सुमारास शाळेतून बाहेर पडला. तेव्हा नंदुरबार हा जिल्हासुद्धा नव्हता. तो १९९८ च्या १ जुलैला धुळ्यापासून वेगळा झाला. या मुलाला कोणत्या मास्तरने ओळखायचे होते? कोणत्या डॉक्टरने? कोणत्या पुस्तकावरून? नाव नव्हते असे मात्र कोणी समजू नये. नावे भरपूर होती. मठ्ठ, आगाऊ, एककल्ली, तंद्रीखोर, येडा. ती नावे देताना कोणी प्रमाणपत्र मागितले नव्हते. कोणी म्हटले नाही की, पोराला उगाच शिक्का मारू नका हो! शिक्क्याची ही भीती लोकांना वाटू लागली ती तो माणूस स्वतःसाठी नीट नाव शोधू लागला तेव्हाच. दुसऱ्याने दिलेले वाईट नाव चालते, स्वतः शोधलेले खरे नाव चालत नाही, हा कुठला न्याय?

वाचक विचारतील, 'मास्तर, तुम्हाला या लोकांचा एवढा पुळका का?' तर सांगतो. हा प्रश्न मला स्वतःलाच पडला आहे.

वर्गातल्या एका मुलाला कसे शिकवावे हे कळेना, म्हणून तीन वर्षांपूर्वी मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता असे होऊ लागले की पान त्या मुलाविषयी असायचे आणि माणूस मी निघायचा. कानबाईच्या रोटाला घर भरले की गच्चीवर जाऊन बसणारा मी. लग्नाच्या वरातीत कर्ण्याचा आवाज छातीत शिरला की ओकारी येणारा मी. शिक्षकांच्या खोलीत सगळे कशाला हसले हे घरी जाऊन वहीत लिहून काढणारा मी. होय, लिहून! माझ्या कादंबऱ्यांचा उगम लोक प्रतिभेत शोधतात. तो त्या वह्यांत आहे.

म्हणून मी एका शहरातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचे नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही; तसे डॉक्टर पुष्कळ आहेत. त्यांनी मला सात मिनिटे दिली. पहिल्या मिनिटाला विचारले, 'लग्न झाले आहे?' झाले आहे. 'नोकरी?' आहे. 'माझ्या डोळ्यांत पाहून बोलता आहात की!' आणि कादंबऱ्या लिहितो हे ऐकल्यावर तर ते हसलेच. 'कादंबरीकाराला माणसांचे मन कळते. तुम्ही कसले स्वमग्न? सकाळी फिरायला जात जा.'

या सात मिनिटांना उत्तर द्यायला मला तीन वर्षे लागली. ते येथे देतो. डॉक्टरसाहेब, मी आपल्या डोळ्यांत पाहत नव्हतो. दोन भुवयांच्या मधोमध पाहत होतो. ही युक्ती मी विसाव्या वर्षी शिकलो, कारण 'खाली मान घालून बोलतो म्हणजे काहीतरी लपवतो' असे दोन मुलाखतींत ऐकावे लागले होते. किती सेकंद पाहायचे आणि केव्हा नजर काढायची, हे मी आजही मनात मोजतो, आणि मोजताना आपले बोलणे अर्धे निसटते. शाळेत पाच तास मी हसरा, बोलका, मुलांचा आवडता मास्तर असतो. घरी आल्यावर दोन तास अंधार करून पडून राहतो. त्या वेळी हाक मारलेली मला चालत नाही, हे माझ्या घरच्यांना ठाऊक आहे. आपण पाहिलीत ती पाच तासांची कमाई. दोन तासांची फेड आपण विचारलीच नाहीत. कादंबरीचे म्हणाल, तर ज्याला पोहता येते तो पाण्याचा विचार करीत नाही. माणसांची मने ज्याला आपोआप कळतात त्याने त्यांच्यावर तीनशे पाने कशाला खर्चावीत? ज्याला ती कळत नाहीत तोच दिवा घेऊन शोधीत बसतो. लग्न झाल्याने माणूस स्वमग्न राहत नाही, हे तर मी प्रथमच ऐकले. लग्नाने एवढे सारे साधत असते तर आपल्या देशात कोणताही विकार उरला नसता!

एवढे बोलूनही, मी स्वमग्न आहे असे मी म्हणत नाही. असेन, नसेन. माझे भांडण आहे ते प्रश्न विचारू न देणाऱ्यांशी.

यावर आमच्या गावातली काही भली माणसे एक निराळाच मुद्दा काढतात, आणि तो मला इतरांपेक्षा वजनदार वाटतो. ती म्हणतात, 'मास्तर, नाव कशाला हवे? आपले गाव अशांना सांभाळून घेतेच की. प्रत्येक आळीत एखादा चक्रम असतो. कोणी त्याला दुकानाच्या फळीवर बसू देतो, कोणी चहा पाजतो. शहरात नाव देतात आणि कोपऱ्यात टाकतात; आपण नाव देत नाही, पण जवळ ठेवतो.'

यात तथ्य आहे. कॅनरच्या त्या ११ मुलांमधला पहिला, डोनाल्ड ट्रिपलेट. हा अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा. जन्म १९३३ चा, मृत्यू २०२३ मध्ये. बहुतेक आयुष्य तो त्या गावातच राहिला. तेथल्या बँकेत काम करी, गोल्फ खेळे, एकटा देशोदेशी हिंडून येई. गावाने त्याला आपला मानले. चांगली गोष्ट आहे. पण ती बँक कोणाची होती, हेही सांगा ना! ती त्याच्या आईच्या माहेरची होती. वडील वकील. त्याला बाल्टिमोरला मोठ्या डॉक्टरकडे नेण्याइतका पैसा आणि त्याला बँकेत खुर्ची देण्याइतकी सत्ता त्या घरात होती. तो मजुराच्या पोटी जन्मला असता तर फॉरेस्ट गाव त्याच्याशी असेच वागले असते का?

आता खापरकडे या. ज्याच्या घरी दुकान आहे त्याचा मुलगा गल्ल्यावर बसून नोटा नंबरवार लावीत बसला, तर तो 'लहरी शेठ'. गिऱ्हाईक हसते आणि सामान घेऊन जाते. आणि ज्याच्या घरी कोयता आहे त्याचा मुलगा? आमच्या सातपुड्याच्या पाड्यांवरून दरवर्षी दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. रात्री-अपरात्री ट्रक भरायचा. ना झोपेची वेळ, ना जागा एक, ना माणसे ओळखीची. मुकादमाने अर्धे खुणेने सांगायचे आणि पुरे समजून घ्यायचे. ज्या माणसाला अचानक झालेला बदल आणि गोंगाट सोसत नाही, खूण कळत नाही, त्याचे त्या टोळीत काय होत असेल? तेथे त्याला कोणी चक्रम म्हणून चहा पाजत नाही. तो कामचुकार ठरतो, त्याची उचल फिटत नाही, आणि मार खातो. तेव्हा 'गाव सांभाळून घेते' हे वाक्य पुरे म्हणा : गाव पैसेवाल्याच्या चक्रमाला सांभाळून घेते.

आणि बायकांचे तर बोलूच नका. मुलींच्या बाबतीत ही गोष्ट एरवीही उशिरा ध्यानात येते; कारण गप्प राहणे, खाली पाहणे, सांगितलेले निमूट करणे, हे आपण मुलीचे गुणच मानतो. लग्नानंतर हीच मुलगी बारशाला, हळदीकुंकवाला जाईनाशी झाली की तुसडी ठरते. डोंगरपट्टीत याहून भयंकर शब्द आहे, डाकीण. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, तो काही हौसेखातर नव्हे. डाकीण ठरवलेल्या बायका स्वमग्न असतात असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्यामागे जमिनीचे तंटे असतात, भाऊबंदकी असते, मेलेल्या गुरांचे खापर कोणावर तरी फोडायचे असते. पण जी एकटी फिरते, स्वतःशी पुटपुटते, कोणाच्या दारी बसत नाही, तिच्याकडे बोट आधी वळते की नाही, हे आपल्या मनाला विचारा. बाजारपेठेतल्या लोकांनी डोंगरातल्यांना हसण्याचे कारण नाही. त्यांच्या घरात हेच काम 'अंगात आले आहे' म्हणून बाबाच्या गादीपुढे चालते.

नाव नसले की माणूस मोकळा राहतो, ही सोयीची समजूत आहे. नाव नसले की त्याला हवे ते नाव देता येते.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, नाहीतर त्यांना वाटायचे मास्तर आपलाच. मोबाइलवर पन्नास प्रश्नांची एक चाचणी फिरते. ती केंब्रिजच्या संशोधकांनी २००१ साली तयार केली आणि आपल्या परीने ती चांगली आहे; पण ती चाळणी आहे, निवाडा नव्हे. रात्री अंथरुणात पडून पन्नास प्रश्नांना बोट लावायचे आणि सकाळी जाहीर करायचे की मी स्वमग्न, हे योग्य नाही. माणसांची भीती, कमी ऐकू येणे, बालपणातले हाल, जुनी उदासी यांनीही माणूस असाच दिसू लागतो, आणि त्यांचे उपाय निराळे असतात. दुसरे, मेलेल्या थोरांना ओढून आपल्या रांगेत उभे करण्याची हौस सोडा. न्यूटन स्वमग्न, आइन्स्टाइन स्वमग्न! त्यांना तपासायला कोण गेले होते? आणि तसे म्हणण्यात एक छुपे अपमानकारक गणित आहे. प्रतिभावान असाल तर तुमचे वेडेपण माफ. मग जो साधा आहे, ज्याला गणितही येत नाही आणि गप्पाही येत नाहीत, त्याने कुठे जायचे? तिसरे, स्वमग्नता बरी करून देतो म्हणणाऱ्यांच्या दुकानाची पायरी चढू नका. तिला घालवणारे औषध नाही. ज्याला तिच्याबरोबर येणारी चिंता, निद्रानाश, फेफरे असेल त्याने त्यांचा उपचार जरूर घ्यावा.

आणखी एक काटा काढून टाकतो. घरात प्रौढ मुलाने हा विषय काढला की आईच्या पोटात धस्स होते : माझेच काही चुकले का? याला कारण आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला कित्येक पंडितांनी खरोखरच आईच्या कोरडेपणावर सारे खापर फोडले होते. अमेरिकेत ब्रूनो बेटलहाइमने १९६७ साली त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. वास्तविक बर्नार्ड रिमलंड याने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ सालीच या मताचे वाभाडे काढले होते. ते मत आज पार मोडीत निघाले आहे. आयांनो, तुमचे काही चुकलेले नाही. लाडू वळायला घ्या.

सरकारकडेही एक गाऱ्हाणे आहे. प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे जी मोजपट्टी २०१६ साली ठरवून दिली, ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली. ४० प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. ७० च्या खाली आलात तर तुम्ही स्वमग्न नाही. मुलांसाठी तिचा उपयोग झाला, हे मी नाकारीत नाही. पण ती मोजते ते वरून दिसणारे वागणे. चाळीस वर्षे घासून घासून ज्याने आपले वागणे बेमालूम केले, तो त्या पट्टीवर कसा दिसावा? कर्जबाजाऱ्याचा अंगरखा इस्त्रीचा आहे म्हणून त्याचे कर्ज नाहीच, असे म्हणण्यापैकी हे झाले. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे आठवड्यातला एक दिवस, निदान महिन्यातला एक दिवस, मोठ्या माणसांच्या या प्रश्नासाठी राखून ठेवा, आणि त्यांच्याशी बोलायला भिली आणि अहिराणी येणारा माणूस बसवा, एवढी मागणी काही फार झाली नाही.

राहता राहिला तो शहाण्यांचा प्रश्न. आता कळून उपयोग काय?

उपयोग मी माझ्या घरातला सांगतो, कारण तो मला पक्का माहीत आहे. अजून निदान नाही, नुसती शंका आहे. तरी आमची ही आता 'पाहुणे येणार आहेत' एवढेच म्हणत नाही. 'चार वाजता येतील, सहाला जातील, सहाजण आहेत' असे सांगते. पाहुणे तेच, पण माझ्या कपाळावरची शीर उडत नाही. शाळेत मी मुख्याध्यापकांना विनंती केली की पर्यवेक्षणाची पाळी आदल्या दिवशी कागदावर लिहून द्या, ऐनवेळी दारात येऊन सांगू नका. त्यांनी मानली. एका कागदाचा खर्च. आणि वर्गातला तो मुलगा, ज्याच्यापायी हे सारे सुरू झाले, तो आता घंटेच्या आधी दोन मिनिटे बाहेर जातो. घंटा वाजते तेव्हा तो तिच्यापासून लांब, चिंचेखाली उभा असतो. पूर्वी घंटा वाजली की बाकाखाली शिरायचा आणि सगळा वर्ग हसायचा.

दुसरा एक डॉक्टर मला मिळाला आहे, लांबच्या गावी. त्याने सात मिनिटांत उरकले नाही. उलट म्हणाला, 'तुमचे लहानपण पाहिलेले कोणी असेल तर घेऊन या. पाचव्या वर्षाच्या आतले सांगता आले पाहिजे.' आई-वडील आता नाहीत. म्हणून मी माझ्या आत्याला विचारले. ती ऐंशीच्या घरात आहे, तळोद्याला असते. तिने विळीवरची भाजी थांबवली नाही. अहिराणीत म्हणाली, त्याचा अर्थ असा : 'बाजाराच्या दिवशी तू कणगीमागे जाऊन बसायचास. तुझी आई हाका मारून थकायची. मी तुला तेथेच भाकरी आणून द्यायची. दूध वेगळ्या वाटीत; भाकरीला लागलेले तुला चालायचे नाही.' मी विचारले, 'हे तू इतकी वर्षे कधी बोलली नाहीस?' ती म्हणाली, 'तू कधी विचारलेस?'

तुळशीचे लग्न उरकले की आम्ही दोघे जाणार आहोत. तिची एकच अट आहे : एस.टी.त पुढची, खिडकीजवळची जागा.